टॉवर पास करणार महापालिका, माणसं वाहणार कोण? (लोअर परळच्या निमित्ताने)

गिरणगावकर (धागाकर्ता)

आमच्या भागात, करी रोड ते लोअर परळच्या पट्ट्यात, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळींचे पुनर्विकास एकामागून एक चालू आहेत. माझा त्याला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहा बाय बाराच्या खोलीत आणि सामायिक संडासाच्या रांगेत ज्यांनी दोन पिढ्या काढल्या त्यांना स्वतःचं घर मिळायलाच हवं. आमची चाळही उद्या त्याच वाटेनं जाणार आहे.

पण मंडळाच्या बैठकीत एक ठराव आला: स्टेशनं, पूल आणि बस यांची क्षमता वाढल्याशिवाय महापालिकेने या भागात नव्या टॉवरना परवानगी देऊ नये. टाळ्या पडल्या, ठराव पास झाला आणि पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पत्र लिहायचं तर महापालिकेला हे करता येतं का हे आधी बघावं म्हणून कायदा काढला. उत्तर बरंचसं 'नाही' असंच येतंय. म्हणून हा धागा.

मला समजलं ते असं. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (१९६६) कलम ४५ खाली महापालिका बांधकामाला परवानगी देते, अटी घालते किंवा नाकारते. पण कशाच्या आधारावर? विकास आराखडा आणि विकास नियंत्रण नियमावली. नकाशा नियमावलीत बसत असेल तर 'गाडीत पाय ठेवायला जागा नाही' हे नाकारण्याचं कारण होत नाही. उद्या एखाद्या आयुक्तांनी हिंमत करून नाकारलंच, तर कलम ४७ खाली विकासक राज्य सरकारकडे अपील करणार. आणि आराखड्याला अंतिम मंजुरी राज्याचीच, नियमावलीतले बदलही राज्याकडूनच. कलम ३७(१ कक) खाली तर राज्य स्वतःहून बदल करू शकतं, १५४ खाली महापालिकेला निर्देश देऊ शकतं. किती मजले चढणार हे मंत्रालयात ठरतं, शिक्का पालिकेचा.

वाहतुकीचा तर आणखी वेगळाच मामला आहे. लोकल केंद्राची. मेट्रो एमएमआरडीएची (महानगर विकास प्राधिकरण) आणि एमएमआरसीची (मेट्रो महामंडळ). ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली, त्यात नगरपालिकांना देता येतील असे १८ विषय आहेत. नगररचना आहे, जमीन वापर आणि बांधकामाचं नियमन आहे, रस्ते-पूल आहेत. वाहनतळ आणि बसथांबे आहेत. बस नाही! थांबा बांधा, गाडीचं कोण बघेल ते बघेल.

आमच्या भागाची गोष्ट त्यामुळे आणखी विचित्र होते. १९८२ च्या संपाआधी गिरण्यांत अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि त्यातले बहुतेक भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचे. चालत जायचे, चालत यायचे. करी रोड, एल्फिन्स्टन (आताचं प्रभादेवी), परळ, लोअर परळ या स्टेशनांचे जिने आणि पूल अरुंद राहिले तरी कोणाचं अडलं नाही, कारण माणसं गाडीनं येतच नव्हती. आज त्याच जमिनीवर ऑफिसं आहेत आणि माणसं विरार, कल्याण, पनवेलहून येतात. जागा तीच, कामाला येणारे बहुधा कमीच असतील, पण प्रवासाची जात बदलली.

हे होताना पालिकेच्या हातात काय होतं? १९९१ च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. विकायची किंवा विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये राज्यानं नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? हायकोर्टानं २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवून २००१ चा बदल वैध ठरवला. स्टेशनाबाहेर चौक, रुंद रस्ता, बसचा तळ, जे काही करता आलं असतं ते त्या जमिनीवरच करता आलं असतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्याबद्दल इथं कोणाला सांगायची गरज नाही.

तर प्रश्न असा, की पत्रात मागायचं काय? जे पालिकेला करता येतच नाही ते मागून उपयोग नाही. जाणकारांनी लिहावं.

---

विरार_स्लो

दादा, पत्र रेल्वेला लिहा. पालिकेला लिहून काय होणार?

२०१७ नंतर सगळ्यांना कळलं की पूल म्हणजे रेल्वेच्या हिशेबात 'प्रवासी सुविधा' होती. बाकडी, पंखे, पाण्याचे नळ यांच्याच रांगेत. पूल ही सुविधा नसून आवश्यक बाब आहे, असं रेल्वेमंत्र्यांनी दुर्घटनेनंतर जाहीर केलं. मग लष्कराला बोलावलं आणि एल्फिन्स्टन, करी रोड, आंबिवलीचे पूल २०१८ च्या फेब्रुवारीअखेर उभेही राहिले. म्हणजे काही महिन्यांचं काम होतं. इतकी वर्षं कोणाच्या कागदावर ते 'काम' नव्हतं, एवढंच.

माझं ऑफिस लोअर परळला आहे. मला टॉवरचा राग नाही. माझ्या ऑफिसची इमारत पास झाली तेव्हा रेल्वेला कोणी विचारलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

---

नकाशेवाला

विचारतात हो. पण काय विचारतात ते ऐका.

मी एका वास्तुविशारदाकडे लायझनिंगचं काम बघतो, फायली घेऊन खात्याखात्यांत फिरणं हाच धंदा. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचं ना-हरकत लागतं. त्यात रेल्वे बघते की तुमच्या पायाच्या खोदकामानं रुळांना धोका नाही ना, पाणी आमच्याकडे सोडत नाही ना, आमची जागा दाबत नाही ना. तुमची ४०० कुटुंबं किंवा ४,००० कर्मचारी सकाळी कुठल्या फलाटावर उभे राहणार, हा रकानाच फॉर्मवर नाही. ३१ व्या मीटरला तर रेल्वेचा संबंधच संपतो.

पालिकेच्या बाजूनं आयओडी (अटींसह पहिली मंजुरी), मग सीसी (काम सुरू करायचा दाखला), शेवटी ओसी (राहायला जाण्याचा दाखला). त्या वाटेवर अग्निशमन दल, विमानतळाची उंची, झाडं, पाणी, मलनिःसारण, रस्त्याची रुंदी, पार्किंग. यातलं पार्किंग नीट लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

२०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथं वाहतुकीचा अभ्यास जोडावा लागतो. मी असे अहवाल भरपूर चाळलेत. नाक्यावर किती गाड्या, सिग्नलला किती वेळ, गेट कुठल्या रस्त्यावर, हे सगळं व्यवस्थित असतं. मोजमाप मोटारींचं. जो माणूस करी रोडला उतरून चालत येणार आहे तो त्या अहवालात कुठंच दिसत नाही, कारण तो सिग्नलला थांबत नाही. आणि ही मंजुरीसुद्धा पालिका देत नाही, राज्यस्तरीय प्राधिकरण देतं.

---

कट्टेकरी

हे सगळं कायद्याचं पाल्हाळ झालं. पालिकेच्या मनात आलं तर साध्या गाळ्याच्या पोटमाळ्यावरून माणसाला वर्षभर फिरवतात. टॉवरवाल्यालाच बरे कायदे आठवतात. इच्छाशक्ती नाही म्हणा आणि विषय संपवा.

---

गिरणगावकर

कट्टेकरी, फिरवण्याची ताकद आणि थांबवण्याचा अधिकार यात फरक आहे. फाइल दाबून ठेवता येते, पण तीही किती दिवस? ६० दिवसांत उत्तर दिलं नाही आणि नकाशा नियमात बसत असेल तर परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद त्याच कलम ४५ मध्ये आहे.

शिवाय मुंबईत 'पालिकेची परवानगी' म्हणजे सगळी मुंबई नव्हेच. बीकेसीला नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए. झोपडपट्टी योजना असेल तर एसआरए. २०१८ पासून म्हाडाच्या वसाहतींसाठी म्हाडाच. पालिकेचा नकाशा या सगळ्यांनी कुरतडलेला आहे. आणि ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. इच्छाशक्ती कोणाची असणार होती?

---

खतावणी

पैशाची बाजू कोणी काढली नाही म्हणून लिहितो. मी निवृत्त आहे, आयुष्य स्थानिक लेखापरीक्षणात गेलं.

थांबवता येत नसेल तर निदान वसूल करावं, असं पुढचं साहजिक म्हणणं येतं. बिल्डरनं गर्दी वाढवली, त्यानं पुलाचे पैसे द्यावे. पण पालिकेला मनानं शुल्क लावता येत नाही. १९९२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, अहमदाबादच्या नागरी विकास प्राधिकरणाचा. त्यांनी बांधकाम परवानगीसोबत विकास शुल्क घ्यायला सुरुवात केली होती. कोर्टानं सांगितलं की कायद्यात स्पष्ट शब्दांत अधिकार असल्याशिवाय शुल्क लावता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. शहर चालवायला पैसा लागतो म्हणून तो अधिकार गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात विकास शुल्काचा अधिकार कायद्यातच आहे, एमआरटीपीच्या ६-अ प्रकरणात, कलम १२४-अ पासून पुढे. दर कायद्यानं बांधलेले, रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दरांच्या तक्त्याच्या) टक्केवारीत. 'तुमच्या इमारतीमुळे करी रोडला इतके प्रवासी वाढतात, म्हणून इतके पैसे' असा हिशेब त्यात नाही. मलबार हिलला जो टक्का तोच स्टेशनासमोर.

मग प्रीमियम. फंजिबल एफएसआय (एफएसआय म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, फंजिबल म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा), जिना, मोकळ्या जागेची कमतरता, अशा नावांनी पालिका भरपूर प्रीमियम घेते. त्यातल्या काहींत राज्य सरकार आणि रस्ते विकास महामंडळही वाटेकरी आहेत. आणि नळ कोणाच्या हातात आहे बघा: २०२१ मध्ये राज्यानं बांधकाम व्यवसायाला उभारी म्हणून वर्षभरासाठी प्रीमियम निम्मे केले. तिजोरी पालिकेची, सवलत मंत्रालयाची.

तिसरं, मेट्रो अधिभार. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरला घर घेताना मुद्रांक शुल्काशिवाय घराच्या किमतीवर १ टक्का जादा जातो. तो मात्र खरंच वाहतुकीसाठी आहे. पण मेट्रोसाठी. त्यातून करी रोडचा जिना रुंद होत नाही. आणि भरतो घर घेणारा, त्यात तुमचा-आमचा मुलगाही आला.

---

बे_एरियाकर

इथं सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण सांगते, कारण हे शहर नेमकं याच वाटेनं गेलंय. १९८१ मध्ये शहरानं मध्यवर्ती भागातल्या नव्या ऑफिस इमारतींवर चौरस फुटाला ५ डॉलर असा वाहतूक परिणाम शुल्क लावला. पैसे सरळ म्युनीला, म्हणजे शहराच्या बस आणि ट्रामला. इमारतवाले कोर्टात गेले, हरले. २०१५ मध्ये त्याच्या जागी नवं शुल्क आलं आणि मोठे निवासी प्रकल्पही त्यात घेतले.

हे वाचून इथं या असं मात्र म्हणणार नाही. म्युनी शहराची स्वतःची आहे म्हणून हे जमलं. बार्ट, म्हणजे आमची लोकल समजा, तिचं मंडळ वेगळं, जिल्हा वेगळा. डाउनटाऊनच्या ऑफिसांत येणारे बरेच लोक बार्टनं येतात आणि ते राहतात दुसऱ्याच काउंट्यांत.

कोर्टाची बंधनंही कमी नाहीत. शुल्क आणि परिणाम यांचा संबंध दाखवावा लागतो आणि प्रमाणही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एल डोराडो काउंटीच्या खटल्यात एकमतानं सांगितलं की कायदेमंडळानं सरसकट लावलेलं शुल्कसुद्धा या कसोटीतून सुटत नाही. तिथं एका माणसाला स्वतःच्या जागेवर एक छोटं घर ठेवायला २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क मागितलं होतं. खतावणींनी सांगितलेली 'सगळीकडे एकच टक्का' ही पद्धत इथं चालली नसती, पण त्याचा दुसरा अर्थ असा की इथं प्रत्येक आकड्यामागे अभ्यास जोडावा लागतो आणि वकील पोसावे लागतात.

---

वाशीकर

अमेरिकेत कशाला जाता, खाडी ओलांडा.

नवी मुंबईत रेल्वे आली ती सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्याच्या महामंडळानं, पैसे घातले म्हणून. खर्चाचे ६७ टक्के सिडकोचे, ३३ रेल्वेचे. मानखुर्द–वाशी १९९२ ला सुरू झाली. वाशी, बेलापूरची स्टेशनं बघा, वर ऑफिसं, खाली रुंद भुयारी मार्ग, बाहेर बसला आणि रिक्षाला जागा. आमच्याकडे स्टेशनात चेंगराचेंगरीची भीती वाटत नाही.

सिडकोला जमलं कारण जमीन तिची, आराखडा तिचा, विक्रीचा पैसाही तिचा. ज्याच्या हातात प्लॉट त्याच्याच हातात रुळांचं बिल. पुढे नवी मुंबई महानगरपालिका झाली तिच्याकडे ना ती जमीन आली ना विक्रीचा पैसा, ती गटारं आणि दिवे बघते. (तेही बरे बघते, हे मान्य.)

---

गिरणगावकर

वाशीकर, हा मुद्दा मला हवाच होता. गिरण्यांची जमीन हीच आमची ती संधी होती. एका फटक्यात शेकडो एकर वापर बदलत होते. रेल्वे, पालिका, राज्य एका टेबलाशी बसले असते तर स्टेशनालगतची पट्टी राखून ठेवता आली असती. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती १९९६ मध्ये, सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करा असंच तिचं सांगणं होतं. झालं काय, तर प्रत्येक गिरणीचा आपापला नकाशा, आपापलं गेट, आपापली भिंत. पालिकेनं प्रत्येक नकाशा नियमात बसतो का ते पाहिलं. प्रत्येक बसत होता.

---

हिंजवडीग्रस्त

पुण्याहून हजेरी. तुमच्याकडे निदान परवानगी देणारी एक महापालिका तरी आहे. हिंजवडीत प्लॉट एमआयडीसीनं (औद्योगिक विकास महामंडळ) दिले, आजूबाजूचं पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बघतं, गावातले रस्ते ग्रामपंचायतीचे, हायवे एनएचएआयचा. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीबाहेर. पण बस तिथं जाते ती पीएमपीएमएलची (पुणे-पिंपरीची सार्वजनिक बस कंपनी), आणि पीएमपीएमएलचा तोटा भरतात दोन्ही महापालिका. ज्या बांधकामाचा रुपया आला नाही त्याची माणसं वाहायची. मेट्रो तिसरी मार्गिका २३ किलोमीटरची, पीएमआरडीएची, खासगी भागीदारीतून. तोवर इकडे कंपन्यांची कॅम्पस भरून वाहत होती.

बाकी चालू द्या.

---

घंटा_दोनदा

बेस्टमध्ये वाहक होतो. सगळ्यांनी रेल्वेला धरलंय म्हणून थोडं बोलतो.

गिरणगावकर साहेब, अनुसूचीत बस नाही हे बरोबर, पण मुंबई महापालिकेकडे बस आहे. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली तेव्हापासून बेस्ट ही पालिकेचीच. किती शहरांकडे आहे असं? एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत, आणि त्यातल्याही बऱ्याच भाड्याच्या. २०२५–२६ चं पालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं, त्यात बेस्टला १,००० कोटी.

लोअर परळ स्टेशनाबाहेर ऑफिसवाल्यांच्या शेअर टॅक्सीच्या रांगा का लागतात? गाडी आली तर अडकते म्हणून. आणि अडकते का, तर दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या. रस्ता पालिकेचा, पदपथ पालिकेचा, बस पालिकेची. इथं कोणता केंद्राचा कायदा आडवा येतो? पोलीस लागतात, ते राज्याचे, बरं. पण बसची पट्टी आखायला, पदपथ रुंद करायला आयुक्तांना कोणाला विचारावं लागतं?

२०१९ ला किमान भाडं ५ रुपये केलं तेव्हा गाड्या भरभरून गेल्या. लोकांना बस नको आहे हे खोटं. मे २०२५ ला ते १० झालं. गाड्या मात्र वाढल्या नाहीत.

---

विरार_स्लो

काकांना +१. मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली २०२५ च्या ऑक्टोबरात, तिथून वरळी-सायन्स सेंटरच्या बाजूनं आमच्या ऑफिसला येता येतं. मैत्रिणी येतात. पण स्टेशनातून वर आलं की शेवटची वाट तीच: पदपथावर कोणाच्या तरी इमारतीचा रॅम्प, पुढे खोदकाम, पुढे पार्क केलेली गाडी. तेवढं पालिकेचं.

---

नकाशेवाला

आता पार्किंग. मघाशी म्हटलं होतं.

नियमावलीत प्रत्येक सदनिकेमागे, ऑफिसच्या क्षेत्रामागे किमान इतक्या गाड्यांची जागा द्यायची, असं आहे. कमाल मर्यादेचा धाक नाही. नियमाप्रमाणे दिलेलं पार्किंग एफएसआयमध्ये मोजत नाहीत. त्यामुळे करी रोड स्टेशनापासून पाच मिनिटांवरच्या टॉवरला आठ-दहा मजले नुसतं पार्किंग असतं. तुम्ही खालून बघता तो जाळीचा भाग, तोच.

याच्यावर कडी म्हणजे नियमावलीतला जुना ३३(२४) हा नियम. विकासकानं सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला दिला तर त्याला जादा एफएसआय. म्हणजे वाहतुकीचा परिणाम कमी करायचा उपाय काय, तर आणखी गाड्यांना जागा आणि बक्षीस म्हणून आणखी मजले. त्या वाहनतळांत गाड्या लावायला लोक जाईनात, तेव्हा जुलै २०१९ मध्ये पालिकेनं वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर ५,००० पासून पुढे दंड जाहीर केला. केवढा गदारोळ झाला आठवत असेल.

माझा मुद्दा: मोठ्या गोष्टी पालिकेच्या हातात नाहीत, हे शंभर टक्के खरं. पण 'आमच्या हातात नाही' ही ढाल पुढे करून जे हातात आहे तेही सोडून दिलंय. आयओडीत अट घालता येते की इमारतीचं गेट मुख्य पादचारी वाटेवर नको. भूखंडाची कड मागे घेऊन पदपथाला जागा मागता येते, आराखड्यात रस्तारुंदीची रेषा टाकली की ती जागा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) बदल्यात पालिकेकडे येते. स्टेशनांच्या परिसराचा आराखडा करून तो नियमावलीत घालायचा प्रस्ताव पालिका कलम ३७ खाली पाठवू शकते. मंजुरी राज्याची, पण प्रस्ताव तर पाठवा.

---

कट्टेकरी

म्हणजे शेवटी इच्छाशक्तीच. मी काय वेगळं म्हणत होतो?

---

नकाशेवाला

अर्धं बरोबर. लोअर परळच्या डिलाईल पुलाचं बघा. जुलै २०१८ ला बंद, पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार पालिकेचे. इथं इच्छाशक्ती असती तरी एकानं संपवल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नव्हतं. आता प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद, तिथं तिसरी संस्था, एमएमआरडीए. अशा वेळी ओसी थांबवायचा नियमच नाही. पूल बंद असताना वस्ती वाढतच राहते.

सगळ्या संस्थांना एकत्र बसवायला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण २००८ मध्ये शासन निर्णयानं नेमलं होतं. कायद्याचं बळ नव्हतं, स्वतःचा पैसा नव्हता. कोणी कोणाचं ऐकायचं?

---

खतावणी

पत्रात एक आर्थिक मागणी घाला. विकास शुल्काचा दर ठरवणं पालिकेच्या हातात नाही, पण आलेला पैसा कुठं खर्चायचा हे बऱ्याच अंशी आहे. या विभागातून पाच वर्षांत किती विकास शुल्क आणि प्रीमियम आला आणि त्यातला किती याच विभागात पदपथ, स्टेशनालगतचे रस्ते, बसथांबे यांवर खर्च झाला, एवढं माहिती अधिकारात मागा. उत्तर आलं की पुढचं पत्र आपोआप लिहिलं जाईल. ठरावापेक्षा याला वजन येतं, अनुभव आहे.

---

गिरणगावकर

सगळ्यांचे आभार. मसुदा असा करतोय:

'परवानगी थांबवा' हे वाक्य काढून टाकतो. त्याऐवजी महापालिकेकडे चार गोष्टी मागायच्या. करी रोड, लोअर परळ, परळ, प्रभादेवी या स्टेशनांभोवतीचा एकत्रित आराखडा करून कलम ३७ चा प्रस्ताव पाठवणे. स्टेशनाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यांवरचं पार्किंग बंद करून तिथे बससाठी पट्टी आणि रुंद पदपथ. स्टेशनापासून चालण्याच्या अंतरावर नव्या इमारतींना पार्किंगची किमान अट काढून कमाल मर्यादा घालण्याची शिफारस राज्याला करणे. आणि खतावणींनी सांगितलेला हिशेब. रेल्वेला वेगळं पत्र, ना-हरकत देताना प्रवासी संख्येचा विचार करा म्हणून. ते पत्र विरार_स्लो यांनी लिहिलं तर उत्तम, रोजच्या प्रवाशाच्या हातचं असलेलं बरं.

उद्या मंडळात वाचून दाखवतो.

---

विरार_स्लो

लिहिते. रविवारपर्यंत द्या.

---

गिरणगावकर

मंडळातून आत्ताच आलो. स्टेशन आराखडा मंजूर, हिशेबाची मागणी मंजूर, रेल्वेचं पत्र टाळ्यांसह मंजूर. पार्किंगचे दोन्ही मुद्दे उडवले. रस्त्यावरचं बंद केलं तर आमच्या टेम्पोवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी जायचं कुठं, हा पहिला आक्षेप. तो रास्तच आहे, त्यावर काहीतरी काढावं लागेल. दुसरा आक्षेप असा की आपली चाळ पुनर्विकासाला गेल्यावर प्रत्येक खोलीमागे एक पार्किंग असं बोलणं बिल्डरशी चालू आहे, मग आपणच कमाल मर्यादा मागायची म्हणजे काय?

---

नकाशेवाला

खोल्या किती आणि सध्या गाड्या किती?

---

गिरणगावकर

खोल्या ८०. गाड्या सहा, त्यातल्या दोन टॅक्सी.

---

घंटा_दोनदा

मग बस मागा की हो त्यांच्याकडून.